पदराला झेपेल असा चाकू

बाईला खिसा नसतो हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण तेवढं कारण सांगून मला कुणी कामावरून हाकलेल, असं काही माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

हाकललं ते माझ्या जेठांनी. पितांबरभाऊ. माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. आमचं गाव एरंडोलपासून कोसभर आत, आणि तिथे धाकटी सून जेठासमोर तोंड उघडत नाही. डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि जेठाशी थेट बोलायचं नाही, ही पद्धत. काही सांगायचंच झालं तर नवऱ्याकरवी सांगायचं. नवरा घरात नसला तर म्हशीला सांगायचं. आमच्या ओट्याखाली एक म्हैस बांधलेली असायची. मी तिच्याकडे तोंड करून बोलायची आणि जेठ भिंतीकडे तोंड करून उत्तर द्यायचे. त्या म्हशीला आमच्या घरातली बठ्ठी, म्हणजे सगळी, भांडणं तोंडपाठ होती.

आता माझी मुलं जळगावात राहतात, त्यांच्यासोबत माझी भाषाही थोडी शहरात गेली. पण राग आला की अजून अहिराणीच येते. आणि राग मला पहिल्यापासून लवकर येतो.

तर पितांबरभाऊंची डोळे भरणाऱ्यांची टोळी होती. डोळे भरणं म्हणजे कलम करणं. बांधावरची गावठी बोर उन्हाळ्यात बुडख्यापर्यंत कापायची. तिला नवे फुटवे आले की एका फुटव्याची साल चाकूने चिरायची, आणि तिच्या आत मेहरुणच्या गोड बोरीचा डोळा बसवायचा. डोळा म्हणजे काडीवरची कळी, सालीसकट काढलेली. वरून केळीच्या सोपटाच्या, म्हणजे खोडाच्या वाळक्या सालीच्या, दोरीने बांधून टाकायचं. डोळा जगला की त्या आंबट झाडाला गोड बोरं लागतात. त्या वर्षी ग्रामपंचायतीत नवा टीव्ही आला होता आणि त्यावर शेतीच्या कार्यक्रमात कुणीतरी बोरांची कलमं दाखवली. झालं! ज्याला बघावं त्याला आपल्या बांधावर मेहरुणची बोरं पाहिजे होती.

हे काम मला येत होतं. माझे वडील चिंधा आबा, मेहरुणचेच. त्यांनी आयुष्यभर हेच केलं. त्यांना मुलगा नव्हता म्हणून त्यांनी मला शिकवलं असं लोक म्हणतात, पण ते खोटं आहे. मी हट्ट सोडत नव्हते म्हणून शिकवलं. लग्नाआधी मी भरलेले डोळे क्वचितच वाया जायचे. आणि सासरी आले तर माझ्या हातात काय दिलं? खुरपं! दुसऱ्यांच्या शेतात वाकून निंदणी करायची, आणि शेजारच्या बांधावर आपल्याच घरची टोळी डोळे भरतेय ते बघायचं. माझ्या हातातली कला अशी गवतात मरत होती, आणि त्याचा मला रोज राग यायचा.

त्या वर्षी मी म्हशीला सांगून टाकलं. "म्हशी वं, यंदा टोळीमा मी बी येसू."

जेठ ओट्यावर तंबाखू मळत होते. टोळीतली माणसंही बसली होती. जेठांनी भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाईले खिसा कोठे ऱ्हास? चाकू काय दातमा धरी का ती?"

ओटाभर हशा पिकला. आत माझी जेठानी कुंदाबाई भाकरी थापत होती, तीही हसली. मला ते जास्त झोंबलं.

पण जेठांचं बोलणं अगदीच खोटं नव्हतं, हे मलाही ठाऊक होतं. या कामात चाकू अंगावरच लागतो. एका हातात फुटवा धरलेला, काखेत ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या डोळ्यांच्या काड्या, चारी बाजूंनी बोरीचे काटे. उघडा चाकू घेऊन त्या काट्यांत शिरलात तर स्वतःलाच चिराल. म्हणून घडीचा चाकू पाहिजे. चिरायचं, मिटायचा, ठेवून द्यायचा, बांधायचं, पुढच्या झाडाकडे जायचं, पुन्हा काढायचा. माणसं तो सदऱ्याच्या खिशात टाकतात. मी कुठे टाकणार?

रात्री नवऱ्याला विचारलं. झुलाल त्यांचं नाव, स्वभावाने गरीब. भावासमोर तर बोलायचेच नाहीत. पण त्या दिवशी हळूच म्हणाले, "मना चाकू लई जाय. मी भाऊले सांगस, एक दिवस येऊ दे म्हनीसन."

तो चाकू सारंगखेड्याच्या जत्रेतला. जाड पितळी मुठीचा, त्यावर मोर कोरलेला. बघायला ऐटदार. मी तो पदराच्या टोकाला गच्च बांधला. आम्ही बाया सगळंच पदराला बांधतो, किल्ली काय, सुपारी काय, देवळातला अंगारा काय. चाकूनेच काय घोडं मारलं होतं!

पहिल्याच झाडाशी वाकले आणि तो पितळी धोंडा झोका घेऊन खाली गेला. त्याच्यासोबत पदर. पदर डोक्यावरून सुटला, खांद्यावरून सुटला, आणि मी जेठासमोर, साऱ्या टोळीसमोर बोडक्या डोक्याने उभी! पदर सावरायला गेले तर हातातला फुटवा सुटला आणि काट्याने मनगटापर्यंत ओरखडा काढला. माणसं हसली असती तर परवडलं असतं. त्यांनी मुकाट्याने तोंडं फिरवली. माझी लाज राखायला म्हणून फिरवली हो, पण तेच मला सहन होईना.

मग मी चाकू कमरेला खोचला. थोड्या वेळाने तो लुगड्याच्या आतून घसरत घसरत पिंढरीपर्यंत गेला. आता माणसांत तो काढायचा कसा? मी पाय ओढत बांधाच्या पलीकडे गेले.

जेठ गाडीच्या बैलाला म्हणाले, "मी सांगेल व्हतं नं."

घरी येऊन मी रडले. दुःखाने नाही, संतापाने. झुलाल म्हणाले, "जाऊ दे नं." जाऊ दे म्हणणाऱ्या माणसाचा मला फार राग येतो. काय जाऊ दे? हात माझा चांगला, डोळा मला नीट काढता येतो, आणि एका पितळी मुठीपायी मी जन्मभर खुरपं धरू? रडून झाल्यावर मी विचार केला. खोट माझ्यात नव्हती, पदरातही नव्हती. चाकू जड होता. मग पदराला झेपेल असा चाकू मिळाला की झालं. इतकं साधं होतं ते.

साधं वाटलं, पण मिळता मिळेना. एरंडोलच्या बाजारात होते ते सगळे विळे आणि अडकित्ते. मग झुलालसोबत जळगावला गेले. तिथे एका मोठ्या भांड्यांच्या दुकानात विचारलं, तर दुकानदार म्हणतो, "अक्का, भाजीला विळी दाखवू का? चांगली किसणीवाली आली आहे."

"मला भाजी कापायची नाही. घडीचा चाकू दाखवा, हलका."

त्याने झुलालकडे पाहिलं, जणू काही मी मुकी आहे. मग एक चकचकीत चाकू काढला. त्यात दोन पाती, कात्री, बाटली उघडायचा आकडा आणि आणखी काय काय. हातात घेतला तर वजनाने मनगट खाली गेलं. दुसरा काढला तो खटक्याचा. बटण दाबलं की पातं सटकन बाहेर.

"हा बघा, एकदम झटपट."

मी म्हटलं, "माले काय दरोडा घालना शे का?" आणि दुकानातून बाहेर पडले. झुलाल मागे राहून त्याची माफी मागत होते.

पुढच्या आठवड्यात धुळ्याला भाचीचा साखरपुडा होता. माझी बहीण मंजुळाबाई धुळ्यात दिलेली. साखरपुडा आटोपला तशी मी तिला बाजारात ओढत नेलं. जाताना पिशवीत बोरीची एक हिरवी काडी ओल्या फडक्यात गुंडाळून घेतली होती. ते पाहून मंजुळा म्हणाली, "व माय! भाचीना साखरपुडाले काय लयनी, त काडी!"

रस्त्याच्या कडेला एक हातगाडी होती. कुलपं, चिमटे, कात्र्या, नखं काढायची यंत्रं, आणि एका कोपऱ्यात चाकूंचा ढीग. गाडी नूर महंमद नावाच्या म्हाताऱ्याची. त्याने मला विळी दाखवली नाही, एवढ्यावरच तो मला आवडला.

"हलका पाहिजे," मी म्हटलं.

"कितना हलका?"

"पदर डोक्यावरून पडायला नको, इतका."

म्हातारा थोडा थांबला. मग त्याने मान डोलावली आणि एकेक चाकू फळीवर ठेवायला लागला. हातात देत नव्हता. चाकू हातातून हातात दिला की देणाऱ्या-घेणाऱ्यात भांडण लागतं, हे त्यालाही माहीत होतं. तो फळीवर ठेवायचा, मी उचलायची.

मी पहिला चाकू पदराच्या टोकाला बांधला, पदर नीट डोक्यावर घेतला, आणि भर रस्त्यात बोरीच्या बुडख्याशी वाकावं तशी वाकले. पदर सर्रकन खाली.

"हा नको."

दुसरा बांधला. शिंगाच्या मुठीचा, देखणा. वाकले. हाही गेला. मंजुळाबाई लाजेने अर्धी झाली. "काय करी ऱ्हायनी तू भर बाजारमा? लोके देखी ऱ्हायनात!"

"देखू दे. त्यांसना बापनं काय खाई ऱ्हायनू मी?"

लोक खरंच जमले होते. एक जण म्हणाला, बाईला वारं आलंय. दुसरा म्हणाला, नाही, कंबर दुखतेय. मी वाकत होते, उठत होते, गाठ सोडत होते, नवी बांधत होते. लाकडी मुठीचा एक मिळाला, पदर जागचा हलला नाही, मला आनंद झाला. पण उघडला तर पातं डुगडुगत होतं. डुगडुगत्या पात्याने साल सरळ चिरत नाही, फाटते. प्लास्टिकच्या मुठीचा एक होता, तो एवढा घट्ट की उघडायला दोन्ही हात आणि वर दात लागले. एका हातात फुटवा असताना तो उघडणार कोण, जेठ?

"बस, अब कुछ नहीं," नूर महंमद म्हणाला. मग काहीतरी आठवल्यासारखं करून त्याने डब्याच्या तळातून एक चाकू काढला आणि फळीवर टाकला. "ये है. मगर अक्का, ये तो पेन्सिल छीलने का."

दिसायला अगदीच गरीब. पत्र्याची पोकळ मूठ, तिचा निळा रंग अर्धा उडालेला. पातं बोटाएवढं, पातळ, सरळ. शेपटीला एक छोटीशी कडी. मी अंगठ्याचं नख पात्याच्या खाचेत घातलं आणि एकाच हाताने ओढलं. टक् करून उघडला. पातं हलवून पाहिलं, हललं नाही. कडीतून पदराचं टोक ओवलं, गाठ मारली, आणि वाकले.

पदर डोक्यावर.

आणखी वाकले. पार जमिनीला हात लावला. डावीकडे झुकले, उजवीकडे झुकले, मान हलवली. पदर डोक्यावरच! मला इतका आनंद झाला की काय सांगू. लग्नात पाटल्या घातल्या तेव्हाही झाला नव्हता.

पण हलका असून चालत नाही, चिरलाही पाहिजे. मी पिशवीतली काडी काढली आणि गाडीला टेकून तिच्यावरचा एक डोळा काढला. पातळ पातं सालीखाली शिरलं आणि डोळा अख्खा सुटून आला. कडा कुठे चुरगळली नाही, आतला ओलावा तसाच. मी तो तळहातावर घेऊन मंजुळाला दाखवला.

"आबानी आठवन उनी," ती म्हणाली. आणि मग तिला लाज वाटायची थांबली.

नूर महंमदाने चाकू मागून घेतला, म्हणजे मी फळीवर ठेवला आणि त्याने उचलला. त्याने तो न सांगता दगडावर घासून दिला. पाणी लावून, हलक्या हाताने, दोन्ही बाजूंनी. म्हणाला, "इससे कांदा मत काटना."

"कांद्याला घरी विळी शे," मी म्हटलं.

गावी आल्यावर मी गाठीतला चाकू म्हशीला दाखवला. "म्हशी, देख. आते मी सकाळ टोळीसंगे जास. कोनले थांबाडनं व्हई त्यानी थांबाडो."

जेठांनी गाठीकडे तिरकं पाहिलं. मग झुलालला म्हणाले, "येऊ दे. पन तिना झाडेसले येगळं काहीतरी बांधाले सांग. मरतीन त टोळीनं नाव खराब व्हई."

म्हणजे बघा! त्यांचे डोळे केळीच्या सोपटाने बांधायचे आणि माझे दुसऱ्या कशाने, म्हणजे मेले तर लोकांना कळावं की हे टोळीचे नाहीत, बाईचे आहेत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काही बोलणार तोवर कुंदाबाई आतून आली. तिने आपलं जुनं हिरवं लुगडं आणलं होतं. बसल्या बसल्या ती त्याच्या बारीक चिंध्या फाडू लागली. त्या दिवशी हसली होती तीच कुंदाबाई.

"सोपटपेक्षा पक्क्या ऱ्हातीन," ती खालमानेने म्हणाली. "बांध. दुरथून दिसू दे."

काम गिरधर नानांच्या शेतावर होतं. लांबलचक बांध, ओळीने बोरी. टोळी एका टोकाने लागली, मी दुसऱ्या टोकाने.

त्या दिवसाचं मला अजून सगळं आठवतं. वाकले, चाकू पदराला लोंबत होता, पदर जागेवर. नखाने टक् करून उघडला, साल चिरली, आडवी आणि उभी. पात्याच्या पाठीने साल उचलली, डोळा आत सरकवला, हिरवी चिंधी बांधली. चाकू मिटून सोडून दिला, तो आपला पदराशी लोंबत राहिला. शोधायला नको, खिसा चाचपायला नको. पुढचं झाड. पुन्हा टक्. माझे हात इतक्या वर्षांनी परत माझे झाले असं वाटत होतं. आबा असते तर बांधावर बसून चुका काढत राहिले असते, आणि मनातून खूश झाले असते.

दुपारी माणसं सावलीला बसली. जेठांनी आपला चाकू काढला, त्याने सुपारी फोडली, त्याच्याच टोकाने डबीतला चुना काढून तंबाखूला लावला, धोतराला पुसला आणि खिशात टाकला. सगळ्यांनी तेच केलं. तो चाकू त्यांच्या सगळ्या कामांना होता. कांदा त्यानेच, नखं त्यानेच, डोळेही त्यानेच. चुना लागलेलं पातं सालीत गेलं की डोळा आतून करपतो, हे आबा मला ओरडून ओरडून शिकवायचे. मी गाडीच्या बैलाला म्हटलं, "चुनाना चाकूघाई डोया जळस, बैलदादा."

जेठ बैलाला म्हणाले, "बैलदादा, तू चारा खाय."

बरं बाबा, मी बैलाच्या वतीने मनात म्हटलं, खातो चारा.

मग वाट बघणं आलं. डोळा जगला की नाही हे लगेच कळत नाही. मी निंदणीला जायची आणि माझं चित्त गिरधर नानांच्या बांधावर. तिकडे जाऊन बघायची हिंमत होत नव्हती. पद्मालयाच्या गणपतीला मी मोदकांचा नवस बोलले. माझ्या झाडांवर कोंब दिसला तर मी टोळीत, नाही दिसला तर खुरपं, आणि वर जन्मभर म्हशीमार्फत टोमणे. मधे काही नव्हतं.

एका सकाळी गिरधर नाना स्वतःच आले. सायकल ओट्याला टेकवली आणि उभ्या उभ्याच बोलले. "पितांबर, तुझ्या टोळीत तो हिरव्या चिंधीवाला कोण रे?"

मी दाराआड उभी होते.

जेठ म्हणाले, "का नाना? काय व्हयनं?"

"काय व्हयनं म्हणजे? हिरव्या चिंधीची बठ्ठी झाडं फुटली! एकही मेलं नाही. आणि तुमच्या सोपटाची निम्मी काळी पडली. मला वाटलं बांधच खराब, पण एकाच बांधावर आहेत ना! तो माणूस कोण ते सांग. माझ्या मळ्यातल्या बोरींना त्याचाच हात लागला पाहिजे, दुसऱ्या कुणाचा नको. शेजारच्या मळ्यावाल्यांनीही त्यालाच बोलावलंय."

झुलाल बोलतील म्हणून मी वाट बघितली, पण ते भावाच्या तोंडाकडे बघत राहिले. कुंदाबाई माझ्या पाठीशी येऊन उभी राहिली होती. तिने माझा दंड इतका घट्ट धरला होता की दुखत होतं.

शेवटी जेठ खाकरले. "माणूस नही, नाना. आमनी धाकली सून शे. सुंदर."

हे त्यांनी भिंतीला नाही सांगितलं, म्हशीला नाही. माणसाला सांगितलं, माझं नाव घेऊन. ज्या चिंध्या मला वेगळं पाडायला बांधल्या होत्या, त्यांनीच माझं नाव गावभर केलं. मला ओरडावंसं वाटत होतं. कुंदाबाईच ओरडली, आतून, "व माय वं!" आणि मग दोघी तोंडाला पदर लावून हसत सुटलो.

नाना गेल्यावर जेठ म्हशीजवळ आले. तिच्या पाठीवर हात फिरवत म्हणाले, "सुंदरले सांग, तो चाकू जरा देखू दे म्हना."

मी बाहेर आले. पदर डोक्यावर, चाकू पदराला. मी गाठ सोडली. जेठ वाट बघत होते, मी ओट्यावर ठेवेन आणि मग ते उचलतील. मी सरळ त्यांच्या हातात दिला. ते दचकले.

मी म्हशीला म्हटलं, "हातमा दिधं की भांडन व्हस म्हनतस. आमनं त पहिलेच व्हई गयं, आते काय व्हवानं ऱ्हायनं!"

झुलाल डोळे मिटून उभे राहिले, आता काय होतंय म्हणून. पण जेठांनी चाकू उघडला, मिटला, तळहातावर उडवून वजन पाहिलं. पातं नाकाजवळ नेऊन वास घेतला. चुन्याचा नव्हता, कशाचाच नव्हता. मग तो माझ्याकडे परत करताना त्यांनीही हातातच दिला.

दुसऱ्या दिवसापासून मी टोळीत. आणि त्याच आठवड्यात जेठांनी कुणालातरी धुळ्याला पाठवून अस्साच चाकू मागवला, पत्र्याच्या मुठीचा, फक्त लाल. आम्हाला सांगितलं नाही. पण खिशातून काढला तेव्हा सगळ्यांनीच पाहिला. जुना चाकू सुपारीला ठेवला होता. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, पण इथे पीळही थोडा जळला होता, मग उगाच कशाला बोला.

गंमत पुढे झाली. जुना चाकू जड होता, तो खिशात आहे हे छातीवर कळायचं. हा इतका हलका की आहे की नाही समजायचंच नाही. जेठ झाडाशी वाकले की चाकू खिशातून सुळकन गवतात. पडल्याचा आवाजसुद्धा नाही. पुढच्या झाडाशी जाऊन खिसा चाचपायचे, मग मागे. पहिल्या दिवशी तसं झालं, दुसऱ्या दिवशी झालं. तिसऱ्या वेळी अख्खी टोळी गवतात हात घालून चाकू शोधत होती, आणि जेठ गुडघ्यावर बसून काट्यांत बोटं घालत होते. माझा चाकू पदराशी आपला डुलत होता.

जवळपास म्हैस नव्हती. बैलही लांब चरत होता. मी पदर नीट डोक्यावर घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा जेठांकडे बघून थेट बोलले.

"भाऊ, माणसेसले पदर कोठे ऱ्हास?"

जेठ गुडघ्यावरून वर बघत राहिले. मग त्यांचं पोट हलायला लागलं, मग खांदे, आणि मग ते गवतात बसूनच हसू लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. टोळीही हसली, आणि या वेळी ते हसणं माझं होतं.

चाकू सापडला तो कुणा एकाच्या पायाखाली. जेठांनी खांद्यावरचा रुमाल काढला, त्याचं टोक चाकूच्या कडीतून ओवलं आणि माझ्यासमोर धरलं. "सुंदर, गाठ कशी मारस ती दखाड."

मी दाखवली. त्या हंगामात टोळीतल्या सगळ्या माणसांच्या रुमालांना चाकू लोंबू लागले, आणि ते बघून गावातल्या बाया पाणी भरता भरता हसायच्या. सुपारीचा चाकू वेगळा, डोळ्यांचा वेगळा, हेही ठरून गेलं. ते ठरवलं मी, आणि सांगितलंही मीच, तोंडाने, जेठांच्या तोंडावर.

तेव्हापासून आमच्या म्हशीशी बोलायला कुणाला वेळच मिळाला नाही.